मागच्या सेन्सरची रेघ

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर जरा बऱ्या जागी रचली असती.

माझ्या मावसबहिणीच्या, त्रिवेणीच्या घरी घडलेली आहे ही. हैदराबादेत, नल्लकुंट्याला, त्यांच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये. गेल्या वैशाखात. भर दुपारी.

भुतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्यांनी आमच्या हैदराबादची वैशाखातली दुपार पाहिलेली नसते. कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

त्रिवेणीची सासू सरुबाई दम्याची. कधी धाप लागेल नेम नाही. लागली की गाडीत घालायचं आणि दवाखाना गाठायचा. त्यामुळे गाडीच्या इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, तेव्हा त्रिवेणीनं लगेच नवऱ्याला सांगितलं.

अनिरुद्ध म्हणाला, चालतेय ना, चालू दे.

त्रिवेणी व्हिडिओ बघून बघून गाडी शिकलेली. तिनं छोटा स्कॅनर मागवला, स्टिअरिंगखाली खोचला आणि फोनवर वाचलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकला होता. म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची, धुरातलं विष मारणारी जाळी.

ओळखायची खूण सोपी. जाळीच्या पुढे एक सेन्सर, मागे एक. पुढच्याची रेघ फोनवर सारखी वर-खाली नाचते. मागच्याची शांत राहायला हवी. हिच्या गाडीत दोन्ही नाचत होत्या.

दिलसुखनगरच्या प्रकाश मेकॅनिकनं आधी पाइप कुठं फुटलाय का पाहिलं. सेन्सर बदलून पाहिला. शेवटी मान हलवली. नवी जाळी यायला महिना लागणार होता, आणि सरुबाईची छाती तेवढं थांबणारी नव्हती. त्यानं भंगारातल्या तशाच एका गाडीची जाळी आणून बसवली.

कुणाची गाडी, हे त्रिवेणीनं विचारलं नाही.

प्रकाशची एक रीत होती. भंगारातला माल बसवला की गाडी रात्रभर उघड्यावर ठेवायची, चारी दारं उघडी टाकून. "ज्याची होती त्याला उतरू द्यावं, वहिनी," म्हणाला.

त्रिवेणीला हसू आलं. घरात माणसाला हवा पुरत नाही आणि हा गाडीला हवा खाऊ घालणार. तिनं किल्ली घेतली आणि गाडी काढली.

दिवा विझला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरुबाईला तपासणीला न्यायचं होतं. म्हातारी मागे बसली. काचा वर, एसी चालू. त्रिवेणीनं फोन पाहिला. मागची रेघ एकदम शांत. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात आठवलं, दम्याचा पंप वरच राहिला. तिनं इंजिन बंद केलं. किल्ली काढली.

फोनवरची रेघ आता पुसली जायला हवी होती.

रेघ वर गेली... सावकाश.

खाली आली... सावकाश.

झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

त्रिवेणीनं स्कॅनर उपटून हातात घेतला. रेघ चालूच.

"त्रिवेणे," मागून सरुबाई म्हणाली, "मला सरक म्हणायलंय."

"कोण, आत्याबाई?"

"तुझ्या माहेरचं असंल. बोलायची रीत नाही."

त्रिवेणीनं आरशात पाहिलं. सरुबाई दाराला चिकटून बसली होती. बाजूची सीट रिकामी...

आणि खाली दबलेली.

ती उतरून मागचं दार उघडायला धावली. तिचं दार तिच्या पाठीमागे आपोआप लागलं.

टक.

चारी लॉक पडले. किल्लीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही.

आत सरुबाईचं तोंड उघडं पडलं होतं. हातातल्या फोनवर रेघ वर चढली की तिची छाती आत जायची. म्हातारीचा श्वास दुसरंच कुणीतरी ओढत होतं. पलीकडची काच आतून धूसर होत होती...

जिथं कुणीच बसलेलं नव्हतं, तिथं.

वॉचमन जेवायला गेलेला. त्रिवेणीनं चाकाखालची वीट उचलली आणि काच फोडली. जळक्या धुराचा भपकारा तोंडावर आला. तिनं सासूला बखोटीला धरून बाहेर ओढलं. ओठ निळे. किती तरी वेळ काहीच नाही. मग म्हातारीनं श्वास घेतला.

लांब. खोल. मोकळा.

फोनवरची रेघ सपाट झाली.

प्रकाशनं ती जाळी काढली, जुनीच परत बसवली. पिवळा दिवा पुन्हा पेटला. त्रिवेणी म्हणते, तो दिसला की बरं वाटतं.

तुम्हाला वाटेल, संपलं.

सरुबाईचा दमा त्या दिवसापासून गेला. डॉक्टर चक्रावले. अनिरुद्धनं बिल्डिंगभर पेढे वाटले. काहीतरी बिनसलंय, हे बायकोचं म्हणणं आता त्यानं का ऐकावं?

पण सरुबाई चाळीस वर्षं या शहरात काढूनही भाजीवाल्याशी दोन शब्दांपलीकडे तेलुगू बोलली नाही. आणि आता दुपारी झोपली की बोलते. स्वच्छ तेलुगूत. घोगऱ्या, अनोळखी आवाजात.

"तलुपु तिय्यकु."

दार उघडू नकोस.

काल दुपारी त्रिवेणीचा फोन आला. अगदी हळू बोलत होती. तिनं उघडं ठेवलेलं सरुबाईच्या खोलीचं दार आतून बंद झालं होतं, कडी लागली होती. आत म्हातारीला पुन्हा धाप लागली होती, बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं.

"मग हाक मार ना," मी म्हटलं.

"मारली गं. हाक मारली की एक धाप थांबते..." ती म्हणाली. "दुसरी चालूच राहते."

मग फोन कट झाला.

तेव्हापासून मी लावतेय. रिंग जाते. कुणी उचलत नाही.