निम्मी मात्रा

"आजपासून आईला सुई तू लावायची नाहीस, वहिनी," असं म्हणून बेबीने तिच्या हातातलं इन्सुलिनचं पेन काढून घेतलं, तेव्हा वहिनीच्या दुसऱ्या हातातला कापसाचा ओला बोळा सासूबाईंच्या पोटावर तसाच टेकलेला होता, आणि तो उचलावा की तसाच राहू द्यावा हेही तिला क्षणभर सुचेना.

वहिनी म्हणजे चौकातल्या लाँड्रीची वहिनी. नणंद वहिनी म्हणायची ते ठीकच, पण कपडे टाकायला येणारे ऐंशीचे आजोबासुद्धा तिला वहिनीच म्हणत, इतकं ते नाव तिच्या अंगवळणी पडलं होतं. खाली दुकान, तिथे वाफेची इस्त्री आणि तिचा नवरा, दोघंही दिवसभर फुसफुसत असायचे. वर दोन खोल्यांत संसार आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी सासूबाईंचा पलंग. बेबी ही सासूबाईंची धाकटी लेक. पन्नाशीला टेकली होती, शाळेत गाणं शिकवून शिकवून गळा घोगरा झाला होता, तरी घरात ती बेबीच! दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आईवर तिचा जीव होता, याबद्दल दुमत नव्हतं.

झालं होतं असं, की सासूबाईंना थकवा फार येऊ लागला, रक्त कमी निघालं, आणि तपासणीत कळलं की शौचावाटे थोडं थोडं रक्त जातंय. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मधुमेह जुना असला, त्यातून बरीच वर्षं इन्सुलिन चालू असलं, तर आतड्यात मांसाचे बारीक कोंब सापडायची शक्यता जास्त असते; ते लगेच घातक नसतात, पण काहींचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दुर्बीण घालून बघू, आणि असलेच तर काढून टाकू. इन्सुलिन मात्र बंद करायचं नाही, असंही त्यांनी दोनदा बजावलं. बेबीने एवढ्या बोलण्यातला एकच शब्द उचलला, इन्सुलिन, आणि घरी येईपर्यंत तो मनात घोळवला.

कारण ती सुई वहिनीनेच घरात आणली होती. गोळ्यांनी साखर हटेना तेव्हा सगळं घर सुईच्या विरोधात होतं, एकटी वहिनी अडून बसली होती, आणि मग रोज टोचायचं कामही ओघानेच तिच्या गळ्यात पडलं होतं.

"गोळ्यांवर भागलं असतं आईचं. तूच हट्ट धरलास," बेबी म्हणाली. "इतकी वर्षं टोचत राहिलीस, आणि आता हे."

वहिनीने बोळा उचलला आणि सासूबाईंचं पांघरूण सारखं केलं. आवाज ऐकून तिचा नवरा वर आला, त्याने बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. इकडे आड तिकडे विहीर! त्याने तिसरी वाट धरली, ती जिन्याची. खाली बॉयलर तापत होता म्हणे.

त्या दिवसापासून वहिनीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बेबी सकाळ-संध्याकाळ येऊन सुई लावून जाई, अगदी नीट, सांगितली तेवढीच मात्रा. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण ती वेळ झाली की वहिनीचे पाय आपोआप जिन्याकडे वळत, दोन पायऱ्या चढून ती थांबे आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत खाली येई. एकदा तर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री तशीच टेकलेली राहिली, आणि जळल्याचा वास नवऱ्याला आधी आला, तिला नंतर. कॉलर गेली याचं तिला काहीच वाटलं नाही. तिच्या अंतःकरणात एकच प्रश्न घोंघावत होता... खरंच का माझ्या हातून? ज्या हाताने मी त्यांना जपलं, त्याच हाताने का मी त्यांच्या पोटात हे पेरलं? डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण ते उत्तर 'हो' असलं तर, या भयाने ती व्याकूळ होई आणि विचारायचं राहून जाई.

नणंद-भावजयीत आता अबोला होता. निरोप जायचे ते सासूबाईंमार्फत. "तिला सांग, चादरी बदलायला हव्यात," बेबी म्हणायची. "त्यांना सांगा, बदलल्यात," वहिनी म्हणायची. दोघीही त्याच खोलीत उभ्या असायच्या, आणि सासूबाई बिचाऱ्या टेलिफोनच्या बाईसारख्या इकडचं तिकडे जोडून देत.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी घन काहीच खायचं नव्हतं. पाणी, गाळलेला फळांचा रस आणि पोट साफ व्हायचं औषध, एवढंच. आणि पोट रिकामं राहणार म्हणून सकाळचं इन्सुलिन निम्मंच घ्यायचं होतं. बेबीने शाळेतून रजा घेतली, लवकर येऊन निम्मी मात्रा दिली आणि रस आणायला बाजारात गेली. ती गेली तेव्हा वहिनी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती, तिला काहीच कळलं नाही. चादरींची घडी घेऊन ती वर आली, तर सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"बेबी आलीच नाही गं अजून," त्या म्हणाल्या, आणि पोटावरचं पांघरूण त्यांनी स्वतःच बाजूला केलं.

वहिनीच्या काळजात काय लख्ख झालं ते तिचं तिलाच ठाऊक! आपण चोरी करतोय असं तिला वाटलं, आणि त्या चोरीचा आनंदही झाला. निम्मीच ना, असं तिने विचारून घेतलं, सासूबाईंनी मान हलवली. पेनवर निम्मा आकडा लावून, दोन शब्द बोलत तिने सुई दिली आणि मन हलकं करून खाली गेली. कितीतरी दिवसांनी तिची इस्त्री सरळ चालली.

बेबीची हाक आली ती अशी, की दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा जिन्याकडे धावलं. सासूबाई घामाने निथळत होत्या, हात थरथरत होते आणि बेबीलाच त्या "तुम्ही कोण?" असं विचारत होत्या. बोटातला थेंब यंत्रावर घेतला तर साखर पार खाली गेलेली.

"असं कसं होईल? मी सकाळी निम्मंच दिलं होतं," बेबी म्हणाली.

वहिनीने यंत्रावरचा आकडा पुन्हा पाहिला. "तुम्ही... दिलं होतं? मीसुद्धा दिलं."

मग कुठला अबोला आणि कुठलं काय! एकीने दवाखान्यात फोन लावला, दुसरीने पाण्यात साखर ढवळली. साखरपाणी चालतं, तपासणीला त्याची आडकाठी नाही, घोट घोट पाजा आणि लगेच घेऊन या, असं पलीकडून सांगितलं गेलं. बेबीने आईचं डोकं मांडीवर घेतलं, वहिनी चमच्याने पाजत राहिली, आणि गाडीत बसवेपर्यंत सासूबाईंनी लेकीला ओळखलं.

दवाखान्यात त्यांना नजरेखाली ठेवून घेतलं. बाहेरच्या बाकाशी नवरा वहिनीसमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला जाब विचारला. तुला नको म्हटलं होतं ना, मग का हात लावलास? वहिनीच्या ओठावर एकच वाक्य होतं. ते उच्चारलं असतं तर ती मोकळी झाली असती... पण मग आत निपचित पडलेली ती म्हातारी आपल्या लेकीसमोर, लेकासमोर खोटी पडली असती.

"चूक माझी," ती म्हणाली.

"आई गेली असती, वहिनी," बेबी म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं भय होतं, आणि ते रागापेक्षा जास्त झोंबलं. घरी जा, असं नवरा म्हणाला तरी वहिनी त्या बाकावरून उठली नाही. ते वाक्य तिने गिळलं ते गिळलंच.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, दोन कोंब होते, दोन्ही मुळासकट काढले, तपासायला पाठवलेत. दिसायला तरी अजून बिघडलेले वाटत नाहीत, पण राहू दिले असते तर पुढे काय झालं असतं सांगता येत नाही. आता मधून मधून बघत राहावं लागेल. सगळ्यांनी श्वास सोडला. मग जे विचारायची वहिनीची छाती होत नव्हती ते बेबीनेच विचारलं. सुईनेच झालं ना हे?

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. सुई घेणाऱ्यांत असे कोंब जास्त दिसतात हे खरं, त्या म्हणाल्या, पण ते सुईने होतात की ज्या जुन्या आजारासाठी सुई लागते त्या आजाराने, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. "एवढं मात्र मी सांगते, की साखर अशीच चढू दिली असती तर यांचे डोळे आणि मूत्रपिंडं केव्हाच धोक्यात आली असती. सुई सुरू केली ते योग्यच केलंत."

वहिनीने भिंतीला हात टेकला. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं, तरी कालचा अपराध होताच.

सासूबाईंना जाग आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. बेबी उशाशी बसली, वहिनी पायाशी उभी राहिली. आई, आता वहिनीला मी जवळ फिरकू देणार नाही, असं काहीसं ती म्हणू लागली, तेव्हा सासूबाईंनी तिचा हात दाबला.

"तिला बोलू नकोस. मीच तिला म्हटलं, बेबी आली नाही."

बेबी पुढे झुकली. "पण का, आई?"

"तू सुई चांगली लावतेस गं. दुखत नाही की काही नाही. पण लावतेस आणि घड्याळाकडे बघतेस. ही बोळा फिरवताना विचारते, आई, रात्री झोप लागली का? रोज विचारते. दिवसभरात मला तेवढं एकच कोणीतरी विचारतं... मधे ते बंदच झालं. म्हटलं, निम्मी तर आहे, आणखी एक घेतली तर काय बिघडतंय. खोटं बोलले मी. आणि हिने ते पोटात ठेवलं, नाही का?"

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने मान खाली घातली, आणि या वेळी तो कुठे निघून गेला नाही.

"तू सांगितलं का नाहीस?" बेबीने विचारलं.

"लेकीसमोर आईला खोटं पाडू?" वहिनी हळूच म्हणाली. "माझं काय, मला बोललात तर बोललात."

बेबी उठली. तिने खुर्ची ओढली आणि दोन्ही खांदे धरून वहिनीला तिच्यात बसवलं. मग तिने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, इस्त्रीच्या वाफेने कायमची लाल झालेली बोटं, कालचेच अंगावरचे कपडे...

"वहिनी," तिचा घोगरा आवाज आणखी घोगरा झाला, "तू तर रात्रभर बाहेरच्या त्या बाकावर होतीस. तुला झोप लागली का गं?"

या घरात लग्न होऊन आल्यापासून हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सवयीने ती 'हो' म्हणायला गेली, पण डोळ्यांतलं पाणी तिच्या आधीच बोलू लागलं.

"नाही हो, बेबीवन्सं," ती म्हणाली, "कितीतरी दिवस नाही लागली."