नदीपलीकडचे पाचवे राज्य

साईनगरातल्या आपल्या घरी दुर्गाबाई गावंडे दुपारी झोपत नसत. जेवण उरकले, ओटा पुसला, की त्या पदर खोचून कूलरसमोरच्या खुर्चीत ताठ बसत आणि संगणकावर साम्राज्य चालवीत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून ज्या बाईंनी अर्धी अमरावती धाकात वाढवली, त्यांना हा एक खेळ मात्र दाद देत नव्हता.

तो शिकवला नातीने, नीलमने. ती अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होती. नकाशावर मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरे. आपली एक पाळी, मग समोरच्या राजांची. नगरे वसवायची, शेते पिकवायची, फौजा राखायच्या, आणि सर्वांच्या आधी ज्याचा कीर्तिस्तंभ उभा राहील तो जिंकला. सोप्या पातळीवर जिंकणे दुर्गाबाईंना कमीपणाचे वाटे. त्यांनी सर्वांत कठीण पातळी निवडली आणि त्या हरत राहिल्या.

एरवी ते चालून गेले असते. पण होळीला मुलगा शेषराव नीलमला घेऊन अकोल्याहून आला तो मनात ठरवूनच.

"आई, डोळ्याचं ऑपरेशन झालं तुझं. एकटी राहून राहिली. कुठं पडली-झडली तर आमाले कळन तरी का? चाल अकोल्याले."

"ज्या दिवशी माझी बुद्धी हरेल, त्या दिवशी येईन," दुर्गाबाई म्हणाल्या.

नीलम ताटावरून हसली. "बुद्धी तं रोजच हरून राहिली आजी. त्या खेळात."

टोमणा जिव्हारी लागला. दुर्गाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "अखजीच्या आत हा डाव जिंकले, तर शेवटपर्यंत मी इथेच, माझ्या घरात, एकटी राहीन. पुन्हा विषय काढायचा नाही. हरले, तर माझी पेटी मी स्वतः भरीन."

एकदा उच्चारलेला शब्द त्यांनी आयुष्यात मागे घेतला नव्हता. शेषरावालाही ते माहीत होते.

चैत्र लागताच त्यांनी नवा डाव मांडला. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना होता. नीलमने फोनवरून सांगितल्याप्रमाणे प्रतिस्पर्धी चार घेतले. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, रस्ता उन्हाने ओस पडला होता, आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता. डाव बरा रंगला. मग लाल निशाणाच्या राजाने मिठाची वाट अडवली आणि त्यांच्या नगरांत कुरबूर सुरू झाली.

त्याच पाळीला पडद्यावर एक प्रस्ताव आला. 'मीठ. बदल्यात काही नको.' पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. निशाण होते, पण त्याला रंग नव्हता.

दुर्गाबाईंनी नकाशा सरकवून पाहिले. नदीपलीकडे, जिथे काल जंगल होते, तिथे एक नगर दिसत होते. ना तट, ना फौज. एकच घर आणि त्यातून निघणारा धूर.

त्यांनी मीठ घेतले. पण फुकट घेतले नाही. शेजारणीकडून वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवले होते आणि त्यांनी पुढे शाळेतल्या मुलींना शिकवले होते. त्यांनी बदल्यात गहू लावला आणि होकार दिला.

संध्याकाळी फोनवर नीलमला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "फुकट भेटते तं घे ना. परत कायले देऊन राहिली? पण आजी, हा खेळ फुकट काईच देत नसते. आन् राजे तं चारच घेतले होते न आपण?"

"मला मोजता येतं," दुर्गाबाई म्हणाल्या.

पुढे हे नेहमीचे झाले. दुष्काळ पडायचा असला की आदल्या पाळीला धान्य येई. हल्ला व्हायचा असला की लोखंड येई. दुर्गाबाई प्रत्येक वेळी काही ना काही परत करीत: कापूस, तेल, एकदा तर हत्ती. मागून घेतल्यासारखे वाटू नये म्हणून त्या जरा जास्तच देत.

एक गोष्ट त्यांना खटकू लागली. अशी देवघेव झाली की कूलरचा वारा तुटे. तो बंद पडत नसे, पंखा तसाच घरघरत असे. पण मधे कोणी येऊन बसावे तसा उजव्या खांद्यावरचा गारवा नाहीसा होई. त्यांनी वाळा झटकला, टाकी धुतली, कूलर हातभर पुढे ओढला. वारा दोन पाळ्या नीट येई आणि मग पुन्हा तुटे.

रविवारी नीलम आली. दुर्गाबाईंनी तिला खुर्चीत बसवून नदीपलीकडे बोट ठेवले.

"हे बघ."

नीलमने मान पुढे काढली. "कुठं? नुसतं जंगल आहे ना तिथं."

"घर दिसत नाही तुला? धूर?"

"नाई दिसत आजी." मग ती हसून म्हणाली, "डॉक्टरनं कोणतं भिंग बसवलं व तुह्या डोळ्यात?"

दुर्गाबाईंना ते घर स्पष्ट दिसत होते. आज त्याचे दार उघडे होते. त्यांनी विषय बदलला. नजर दगा देते असे कबूल करणे म्हणजे अर्धी पेटी भरण्यासारखेच होते.

अखजीच्या आदल्या दुपारी डाव टोकाला आला. कीर्तिस्तंभ पुरा व्हायला एकच पाळी हवी होती, आणि लाल फौज राजधानीच्या वेशीला भिडली होती. कोठारे रिकामी होती. पुढच्या पाळीला राजधानी पडणार, हे त्यांना हिशेबाने कळत होते. फोन त्यांनी कपाटात ठेवून दिला होता. व्यत्यय नको होता.

प्रस्ताव आला.

'माझे नगर. बदल्यात काही नको.'

ते नगर हाती आले असते, तर स्तंभाचे उरलेले काम त्याच पाळीत उरकले असते.  ज्याच्यापाशी एकच घर, त्याने ते देऊ केले होते. याची परतफेड कशाने करायची?

त्यांनी आपली बाजू उघडली. गहू नव्हता, तेल नव्हते, लोखंड नव्हते. यादीत एकच ओळ उरली होती. इतर राजांशी बोलताना ती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

'आपल्या घरी राहण्याची मुभा.'

वारा तुटला होता. उजव्या कानाशी कोणीतरी सावकाश श्वास घेत होते.

दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. वाटी रिकामी परत करायची नव्हती, आणि हरायचेही नव्हते. त्यांनी ती ओळ लावली.

स्तंभ उभा राहिला. पडद्यावर तुताऱ्या वाजल्या. दुर्गाबाई गावंडे, चक्रवर्ती.

नदीपलीकडचे घर नकाशावर कुठेच नव्हते.

त्या उठल्या, पदर सारखा केला, कपाटातून फोन काढला आणि ताठ उभ्या राहून अकोल्याला लावला.

"शेषराव, मी जिंकले."

"कळलं आई. मानलं तुले," शेषराव हसत होता. "आता नाई म्हनत मी अकोल्याले चाल. तसा घोरही मिटला माहा. मंघाशी फोन केला होता, तं एका बाईनं उचलला. म्हने, आता मी हावो तुमच्या आईजवळ. कोन व त्या?"

फोन दुपारभर कपाटातच होता. घाबरले म्हणावे, तर उद्याच पेटी भरावी लागणार होती.

"आहेत एक," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतल्यासारखाच खणखणीत होता. "माझ्या ओळखीच्या."

"बरं झालं. किती दिवस राह्यतीन?"

दुर्गाबाईंनी उत्तर जुळवायला श्वास घेतला. त्यांचे ओठ अजून मिटलेलेच होते.

"हो, हो, ऐकलं मावशी. शेवटपर्यंत राह्यता म्हनता," पलीकडून शेषरावाचा समाधानी आवाज आला. "मंग तं चांगलंच हाय. सांभाळा आमच्या आईले."