उजेड कमी केल्यावर

चारुशीला, तू तिसऱ्यांदा विचारलंस म्हणून सांगते, पांढरे फोटो मी का बंद केले ते. बस आधी. चहा घे. आणि मध्येच "काहीही काय, अंजूताई" म्हणायचं नाही, नाहीतर मी उठून जाईन.

नागपुरात बेसातला हा स्टुडिओ लहान मुलांच्या पांढऱ्याशुभ्र फोटोंसाठीच ओळखला जायचा. भिंत पांढरी, कापड पांढरं, मागे दोन दणदणीत लाइट, आणि कॅमेऱ्यात उजेड हवा त्यापेक्षा मुद्दाम जास्त. सुरुवातीला लोक म्हणायचे, ताई, फोटो जळला. मी म्हणायचे, जळला नाही, जाळला. सावली गेली, भिंत गेली, की उरतात बाळाचे डोळे, ओठ आणि केस. बाळाच्या फोटोत आणखी काय लागतं गं?

त्या उजेडात माझी एक युक्ती होती. ज्या बाळाला नीट बसता येत नाही, त्याच्या आईला स्टुलावर बसवायचं, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीनं झाकायचं, आणि बाळ मांडीवर द्यायचं. तिनं चादरीतूनच त्याला धरायचं. उजेड वाढवला की चादर भिंतीत मिसळून जाते. फोटोत बाळ एकटं, आई गायब. शेकडो आया गायब केल्या मी. हसतहसत.

डिसेंबरात एका शनिवारी, सकाळी अकराला, उमरेडहून तिघं आले. प्रज्वल नावाचा तिशीतला माणूस, त्याची आई रुखमाबाई, आणि सात महिन्यांचा गोलू. बाळाची आई कुठे, म्हणून मी सवयीनं विचारून बसले. प्रज्वल खाली बघायला लागला. रुखमाबाईच बोलल्या.

"सून गेली वं माही. सोनिका. डेंगू झाला, पाच दिवसांत गेली. तीन महिने झाले."

मला माझ्याच जिभेचा राग आला. पण म्हातारीला बोलायचं होतं.

"तुह्ये पांढरे फोटो दाखवे मले मोबाइलवर. आई, गोलूसंगं एक असा काढू द्या म्हणे. दहादा म्हणे. म्या म्हटलं, जावळ होईस्तोवर लेकराचा फोटो काढाचा नाही, नजर लागते. आमच्यात कोणी काढला नाही आजवर." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दोघांचा एकबी फोटो नाही आता. जावळाले अजून टाइम आहे, पण म्या नाही थांबत. तिले पाहिजे होता तसाच काढ."

त्यांनी पिशवीतून एक पांढरं पांघरूण काढलं. घरच्या हातमागावर त्यांनीच कधीकाळी विणलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. सोनिका गोलूला त्यातच घेऊन बसायची. चादर नको, हेच घे, म्हणाल्या.

प्रज्वल स्टुलावर बसला, मी पांघरूण घातलं, गोलूला मांडीवर दिलं. आणि त्यानं जो सूर लावला! पोरगं आई गेल्यापासून कोणाकडेच टिकत नव्हतं म्हणे. त्यात कॅमेऱ्याची बॅटरी उतरली. मी पाठ फिरवून टेबलावर दुसरी शोधू लागले. रुखमाबाई माझ्या शेजारीच खाली बसून पिशवीत खुळखुळा धुंडाळत होत्या. तेवढ्यात खालून घरमालक ओरडला, गेटसमोरची गाडी हटवा म्हणून. आणि गोलू एकदम गप्प झाला.

मी वळले. पांघरुणाखालचा आकार बाळावर थोडा वाकलेला. गोलू मागे मान टाकून वर बघत होता आणि खुदखुदून हसत होता.

"शाबास! अस्संच. अजिबात हलू नका," मी म्हटलं, आणि बटण दाबत सुटले.

वास आला मला मध्येच. शेगडीवर ओवा टाकल्याचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसला. वाटलं, पांघरुणाला असेल. अकरा फोटो काढले. माझ्या उजव्या हाताला रुखमाबाई उभ्या, खुळखुळा हातात तसाच. कॅमेऱ्यातून डोळा काढते तर दारात प्रज्वल. हातात गाडीची किल्ली.

"झाले का फोटो?"

"तू..." रुखमाबाईंनी त्याच्याकडून स्टुलाकडे पाहिलं. "गोलू कोणापाशी दिला गा?"

"तुह्याच जवळ ना! आई, पकड म्हटलं, तू हात लावले, म्हणून तर मी पांघरुणातून मागच्या मागं निघालो..."

पांघरूण हळूहळू खाली बसत गेलं. सावकाश, कोणी जपून उठावं तसं. गोलू क्षणभर रिकाम्या स्टुलावर ताठ बसून राहिला, मग कलला. प्रज्वलनं झेप घालून धरला, म्हणून वाचला.

कोणीच ओरडलं नाही. खरं सांगते, त्या खोलीत ओरडावंसं वाटत नव्हतं.

कॉम्प्युटरवर फोटो उघडले. सगळं पांढरं, मधोमध हसरा गोलू. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

"उजेड कमी होते का याचा?" रुखमाबाईंनी विचारलं.

"मावशी, राहू द्या ना..."

"कर."

केला. आधी पांघरुणाच्या घड्या आल्या. मग गोलूच्या कमरेशी, कापडाखालून, दोन्ही बाजूंना बोटं. बारीक, बाईची. त्यांच्या मागे मनगटावर कापड उचललेलं, आणि तिथे पांढऱ्यातून किंचित हिरवं दिसत होतं.

"बांगड्या," रुखमाबाई म्हणाल्या. "जाताना म्याच भरल्या तिच्या हातात." मग त्यांनी स्क्रीनला हात जोडले. "सोनिका, चुकलं वं माह्यं. एका फोटोनं काय झालं असतं... काहून आडवी आली मी..."

प्रज्वल भिंतीकडे तोंड करून रडत होता.

त्यांनी पांढराच फोटो नेला, मोठा करून. दुसरा नको म्हणाल्या, तिला झाकलेलंच राहू दे.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. आवाज दबका.

"बाई, फोटो जुना झाला की फिका पडते ना?"

"हो. का हो?"

"हा गडद होऊन राहिला. आधी घड्या दिसल्या. होळीले बोटं दिसली. आता बांगड्या दिसून राहिल्या. उद्या तोंड दिसन... मले भेव लागते वं. लेकरू त्याच खोलीत झोपते."

"मावशी, मग उतरवा तो फोटो. आत्ताच उतरवा."

मागे गोलूचं हसणं ऐकू येत होतं.

"उतरवला तर दुसऱ्यांदा नाही म्हटल्यासारखं होईन तिले," त्या म्हणाल्या. "एकदा म्हटलं, तेच आयुष्यभर पुरन मले. राहू दे."

मी फोन ठेवला. त्यानंतर मी एकाही आईला चादरीखाली बसवलं नाही. आपलं झाडाखाली, अंगणात काढते, सावली पडली तर पडू देते.

मागच्या महिन्यात गोलूचं जावळ झालं. प्रज्वलनं मोबाइलवर फोटो पाठवला. हा बघ. साधा, उन्हातला. गोलू पाटावर बसलाय, डोकं तुळतुळीत, आजी समोरून ओवाळतेय. तिचे दोन्ही हात ताटाला. मागे नुसती भिंत. आता त्याचा नवा सदरा बघ, कमरेशी. दोन्ही बाजूंनी चुण्या पडल्यात, चार-चार, कोणी मागून घट्ट धरल्यावर पडतात तशा.

या फोटोचा उजेड मी कमी करून पाहिलेला नाही.