अमोनियाच्या पंपरूममध्ये साहेब कोणाशी बोलले?

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझा मामा खोटं बोलत नाही, आणि त्या दुपारी तो त्या दारापासून चार पावलांवर उभा होता.

मामा जहाजावर इंजिन मेकॅनिक. कंपनीने एका जुन्या मालवाहू जहाजात नवं इंजिन बसवलं होतं. डिझेलऐवजी अमोनियावर चालणारं. कार्बनचा धूर नाही. कल्पना चांगलीच होती. ती दिली मात्र कंपनीच्या एका साहेबांच्या हाती.

दर वाक्याला 'ग्रीन, ग्रीन' करायचे म्हणून कामगार त्यांना हिरवे साहेब म्हणत. पाना कुठल्या बाजूने धरतात तेही ठाऊक नसलेला माणूस!

उद्घाटनाच्या दिवशी फोटो चालले होते आणि गॅसचा अलार्म सारखा वाजत होता.

"बंद कर रे ती कटकट," साहेब मामाला म्हणाले.

मामाने स्विच बंद केला.

खाली पंपरूममध्ये एक फिटर काम करत होता. अमोनियाचा पाईप फुटला, विषारी गॅस कोंडला. अलार्म बंद, म्हणून वर कोणाला पत्ताच नाही. तो बिचारा दारापर्यंत आला होता...

एवढंच.

साहेबांनी अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

तो गेल्यापासून नवव्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, साहेब तपासणीला आले. टाकी रिकामी. पाईप कोरडे. पंपरूमला बाहेरून कुलूप.

आणि आतून... टक.

टक. टक.

"उंदीर असेल," साहेब म्हणाले.

"लोखंडी दार ठोकणारा?" मामाने विचारलं.

"भित्रे लेकाचे!" साहेबांनी कुलूप काढलं आणि छाती फुगवून आत शिरले.

आत कोणी नव्हतं.

पण वास आला... डोळ्यांतून पाणी काढणारा. गॅस मोजायच्या मीटरवर शून्य.

मग पंख्याचा आवाज गेला. पंखा फिरतच होता.

साहेब कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. शाळेतल्या पोरासारखे पुटपुटले...

"नाही. मी नाही."

कोणी काही विचारलंच नव्हतं.

साहेब पुन्हा ऐकत राहिले. मान हलवली. मागे न बघता हात उचलला...

आणि बोट बरोबर मामावर रोखलं.

बाहेर आल्यावर त्यांना काहीच आठवेना. आज ते ठिकठिकाणी भाषणं ठोकत फिरतात.

"मेलेल्यासमोरही दुसऱ्यालाच पुढे करणारा माणूस! थू!" मामा म्हणतो.

मामाने नोकरी सोडली त्याला दोन वर्षं झाली. परवा मात्र तो हळूच म्हणाला,

"बोट काही खोटं नव्हतं गं. स्विच मीच बंद केला... मला विचारलं, तर मी काय सांगू?"