बेभरवशाचा इशारा

मिरजेच्या मेंदुसंवाद प्रयोगशाळेत निलोफर मुजावर सकाळपासून खाटेखाली आडवी पडून यंत्राला मनातल्या मनात शिव्या घालत होती. यंत्रही असं बेरकी, की टेबलावर तपासलं तर शहाण्या पोरासारखं वागायचं आणि रोग्याला जोडलं की त्याच्या अंगात यायचं.

खाटेवर होते भीमराव आवटी. निम्म्या मिरजेला जेवू घातलेला खानावळवाला माणूस. मेंदूच्या बुंध्याशी रक्तस्राव झाला आणि सगळं अंग थिजलं. पापणीसुद्धा मनासारखी हलेना. डोळे उघडे, श्वास चालू. पण आत कुणी जागं आहे का, एवढंच कळत नव्हतं. त्यांची बायको, अक्काताई, रोज येऊन उशाशी बसायची आणि दिसेल त्याला विचारायची, “आत हायत का हो ते?” कुणालाच उत्तर देता येत नसे.

ते उत्तर मिळावं म्हणूनच हे यंत्र बनवलं होतं. भीमरावांच्या डोक्यावर संवेदकांची जाळी होती. बोलायची इच्छा झाली की मेंदूत जी लहर उठते, ती ही जाळी पकडायची. पण जाळी सतत चालू ठेवली तर माहितीचा असा पूर येई, की नोंदयंत्र गुदमरायचं. म्हणून ते झोपलेलं ठेवायचं आणि वेळेवर बाहेरून कुणीतरी उठवायचं. हे उठवायचं काम गळ्यावरच्या कंठपट्टीकडे होतं. माणसानं बोलायचा नुसता प्रयत्न केला, तरी गळ्याच्या स्नायूंत विजेची बारीक लहर येते. ती उंबरठापातळीच्या वर गेली की पट्टी इशारास्पंद सोडायची, हिरवा दिवा लागायचा आणि नोंदयंत्र अर्ध्या सेकंदापुरतं जागं व्हायचं. त्या अर्ध्या सेकंदाला सगळे ‘नोंदखिडकी’ म्हणत.

घोडं पेंड खात होतं ते या इशारास्पंदापाशी. “काका, हो म्हणा,” असं कानाशी ओरडलं तरी दिवा ढिम्म. आणि कुणी काही विचारत नसताना मध्येच लागायचा. शिवाय मिळालेल्या सगळ्या नोंदी एकसारख्या, जणू एकाच साच्यातून काढलेल्या.

“हा विजेचा गोंगाट आहे, निलोफर,” विभागप्रमुख डॉ. घोरपडे म्हणाले होते. “आज संध्याकाळी मला अहवाल द्यायचाय. इशारा खोटा ठरला तर प्रयोग थांबेल, यंत्र दुसऱ्या रोग्याकडे जाईल. भीमरावांना घरी पाठवावं लागेल.”

“आणि काकूंना काय सांगायचं?”

“आत कुणी नाही, असं.” हे म्हणताना त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. माणूस वाईट नव्हता.

निलोफरनं केबल बदलली, भूजोडणी म्हणजे अर्थिंग नवं केलं, उंबरठापातळी वर नेली, खाली आणली. शेवटी तिच्या ध्यानात आलं, की दिवा बहुधा कुणी खोलीबाहेर जाताना लागतो. मग काय, दाराच्या मोटरीवर संशय! सरकतं दार, विजेवर चालणारं. तीच केबलीत लुडबुड करत असणार. तिनं मोटर बंद केली, दार सताड उघडं ठेवलं आणि तोऱ्यात खाटेखाली शिरली.

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “येते हं काका, डबा खाऊन,” आणि बाहेर पडल्या. टप्पकन दिवा लागला.

“अगं बाई!” निलोफर पुटपुटली. मोटर बंद, दार जागच्या जागी. बिचाऱ्या दाराच्या बाबतीत चोर सोडून संन्याशाला सुळी असं झालं होतं. मागोमाग, खोलीत डोकावायला आलेले डॉक्टर घोरपडे फोन कानाला लावून, एक शब्द न बोलता निघून गेले. दिवा लागला नाही.

निलोफर तशीच पडून राहिली. मग जागची न हलता, खाटेखालूनच म्हणाली, “येते हं काका.”

दिवा लागला.

ती कुठेच गेली नव्हती. तिनं फक्त निरोप घेतला होता. बाहेर पडायच्या घाईत खाटेच्या दांड्यावर डोकं आपटलं, तेही तिला कळलं नाही. तिनं धावत जाऊन डॉक्टरांना ओढत आणलं.

“सर, ते ‘या’ म्हणतायत! इशारा अगदी भरवशाचा आहे, बेभरवशाचे आपण आहोत. कधी सांगून जातो, कधी तसेच चालू पडतो. ‘येतो’ म्हणणाऱ्याला आपल्याकडे कुणी मुक्यानं जाऊ देतं का? आणि हे तर खानावळवाले!”

डॉक्टर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “शक्य आहे. मेंदूत बोलण्याच्या वाटा दोन. एक विचार करून बोलायची, दुसरी सवयीची. काही रोग्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण ठेच लागली की ‘आई गं’ अगदी स्वच्छ निघतं. यांची पहिली वाट बुजली असेल, दुसरी शाबूत राहिली असेल.”

“मग झालं की!”

“कुठं झालं? सवय म्हणजे जाग नव्हे, बाळा. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तो काही विचार करून उडत नाही. ‘येतो’ ही हातोडी आणि ‘या’ हा उडालेला पाय. आत कुणी नसतानाही हे होऊ शकतं.”

“मग आत कुणी आहे, हे कळणार कशावरून?”

“हातोडी तीच आणि उत्तर वेगळं, असं झालं तर. सवयीकडे एकच उत्तर असतं. समोर कोण आहे ते ओळखून उत्तर बदलायला माणूस लागतो.”

मग त्यांनी येईल त्याला पकडून “येतो” म्हणायला लावलं. सिस्टर, झाडूवाल्या मावशी, हिशेबनीस आणि स्वतः डॉक्टरही. दिवा प्रत्येक वेळी लागला आणि नोंद प्रत्येक वेळी तीच, हुबेहूब. निलोफरचा चेहरा उतरत गेला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

अक्काताई आल्या तेव्हा निलोफरनं त्यांना सगळं सांगितलं. लपवायचं तरी कुठवर? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मी जाते तवा लागतो का गं दिवा?”

निलोफरनं जुन्या नोंदी पाहिल्या. “नाही, काकू. एकदाही नाही.”

“बघ की! साऱ्या गावाला ‘या’ म्हणत्यात, आणि मी त्येवढी परकी.” म्हातारी नवऱ्याकडे पाहत म्हणाली.

“काकू, तुम्ही निघताना काय म्हणता त्यांना?”

“काय म्हणू? मी काय पाव्हणी हाय? ‘येते’ म्हणाया गेलं की रडू फुटतं. मग डोळा चुकवून हळूच निघते.”

निलोफरनं डॉक्टरांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते.

“आज म्हणून बघा, काकू.”

पुन्हा तीच नोंद आली, तर सगळं तिथंच संपणार होतं. अक्काताईंनी पिशवी खांद्याला लावली, नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि कसंबसं म्हटलं, “येते हं मी.”

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला, पुन्हा लागला. नोंदखिडकी काठोकाठ भरून लहर मध्येच तुटली होती.

“सर, खिडकी पुरली नाही! अर्ध्या सेकंदात मावत नाही त्यांचं!” निलोफर कळफलकाकडे झेपावली. तिनं खिडकी एकदम दहा सेकंदांची केली. “काकू, परत म्हणा.”

“येते हं.”

आणि पडद्यावर लहर उमटत गेली. चांगली लांब, मध्ये दम खात, पुन्हा उठत. पहिल्या तुटक्या नोंदीशी तिची सुरुवात तंतोतंत जुळत होती, आणि ‘या’शी काडीचंही साम्य नव्हतं.

डॉक्टर पडद्यावरून नजर काढून वळले. “आहेत. आत आहेत, अक्काताई. तुम्हाला ओळखून बोलतायत.” त्यांनी हात जोडले, ते भीमरावांना की देवाला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. “काय म्हणाले, ते मात्र यंत्राला सांगता येणार नाही. त्याला अजून एकच शब्द कळतो.”

निलोफरला हुंदका आवरेना. आठवडाभर ज्या दिव्याला ती शिव्या देत होती, त्याचे आता किती उपकार मानावेत असं तिला झालं होतं.

“मशिनीला कशाला इचारता?” अक्काताई म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले तरी पाणी थांबत नव्हतं, आणि तोंडावर मात्र हसू होतं. “खानावळीत दुपारच्या भाकऱ्या उरकून मी घरला निघायची. ‘येते’ म्हटलं, की मला कधी ‘ये’ म्हणाले न्हाईत. ‘लई केलंस, दमलीस, बस घटकाभर.’ जन्मभर ह्येच.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि नवऱ्याचा हात मांडीवर घेतला.

“बसले हो,” त्या म्हणाल्या. “बसले.”