छातीत अडलेला घास

रघुनाथनाना झोपे जेवायला बसताना मनगटावरचं बटण दाबत. खांद्याजवळ कातडीखाली बसवलेली 'वेदनाचकती' मग अफूच्या कुळातल्या औषधाचा जादा थेंब सोडी, मोडका मणका गप्प बसे आणि नाना ऐटीत पाटावर मांडी घालत. टेबलावर जेवणं म्हणजे त्यांच्या लेखी खाणावळीत जेवणं! भुसावळजवळच्या त्या गावात सगळ्यांची दुखणी आता अशा चकत्याच सांभाळत.

पण दिवाळीपासून नानांचा घास छातीत अडू लागला. पाणी प्यावं तर तेही उलटून वर येई. पेज, ताक, पुन्हा पेज. माणूस नुसता वाळून गेला. शहरातल्या सर्जननं अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू कापायची तारीखही दिली होती.

पेजेकडे बघितलं की नानांना शेतातलं भरीत आठवे. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेल्या मिरच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जिवलग दोस्त वामन फालक ओरडायचा, "रघ्या, पोट आहे का विहीर रे?" आता वामन गेला, ते शेतही विकलं गेलं. नानांना फार एकटं वाटे.

ऑपरेशनआधी गावच्या डॉक्टर मृणाल वारके घरी आल्या. नानांच्या छातीवर त्यांनी एक पातळ 'घासपट्टा' चिकटवला. अन्ननलिकेची हालचाल त्यातून समोरच्या भिंतीवर उमटणार होती.

"रोज जेवता तस्संच जेवा," त्या म्हणाल्या.

नाना पाटाशी आले, बटण दाबलं, बसले. थोड्या वेळानं पेज घेतली. भिंतीवर निळी लाट वेडीवाकडी आवळत खाली गेली आणि तळाशी अडली. खालचं दार उघडेचना.

"नाना, मघाशी काय दाबलंत?"

"हे होय? मांडी घालताना कंबर बोंबलते ना."

"प्रत्येक जेवणाला दाबता?"

"पाहुणे असले की दोनदा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे औषध दुखणं झोपवतं, पण अन्ननलिकेच्या नसांचाही गोंधळ उडवतं. शहरात औषधाचं कुणी विचारलं नाही?"

"त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चकतीला कोण औषध म्हणतं?"

"अगं बाई!" नानांची बायको इंदूबाई दारातून कडाडल्या. "जेवायला बसता यावं म्हणून जेवणच घालवलंत की हो!"

"ऑपरेशन थांबवू," डॉक्टर म्हणाल्या. "औषध हळूहळू उतरवू, एकदम नाही. घास बहुतेक उतरेल. पण नाना, कंबर दुखेल. खूप दुखेल."

नानांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "उतरवा."

थंडी सरता सरता चकतीचा डोस अगदी कमी झाला, बटण मात्र अडीनडीला ठेवलं होतं. मग इंदूबाईंनी भरीत केलं. नाना रुसल्या तोंडानं खुर्चीवर बसले. कंबरेतून कळ निघाली तसे ओठ घट्ट मिटले. पहिला घास तोंडात घेतला, चावला, गिळला. इंदूबाई श्वास रोखून बघत होत्या.

घास सरळ खाली गेला.

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "वामन असता तर आज मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या असत्या," ते कसेबसे म्हणाले आणि खुर्चीचा हात त्यांनी गच्च धरला. बोटं पांढरी पडली होती.

"फार दुखतंय का हो?"

"दुखतंय तर. जीव जातोय." त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ."

इंदूबाईंचा हात भाकरीकडे गेला. त्यांनी आता भाकरी वाढावी, की नवऱ्याच्या मनगटावरचं बटण दाबावं?