नागूबाईची गाठ

वाशी या आमच्या तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी थापाड्या आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण या गोष्टीत मीठ-मिरची माझी नाही.

चैतातल्या दुपारी तेरखेड्याहून महांतप्पांचा फोन आला. त्यांचा फटाक्यांचा कारखाना. तीन वर्षांमागं तिथली एक शेड पेटली आणि लडी वळणारी नागूबाई आतच जळाली. दार उघडं होतं, असं अप्पांनी कोर्टात सांगितलेलं. तिची लेक शिवांजली म्हणायची, बाहेरून कडी होती. आता कोर्टानं कॅमेऱ्याच्या जुन्या टेपा मागवल्या होत्या.

"वैजनाथ, तिन्ही टेप ड्राइव्ह एकदम जोड. दिवस मावळायच्या आत समद्या टेपा कोऱ्या पायजेत."

"अप्पा, कोर्टाचा मामला हाय..."

"कोर्ट माझं मी बघतो. तू वायरी बघ."

कारखान्यातल्या त्यांच्या खोलीत जाऊन बघितल्या. खोटं कशाला बोलू?

टेपा वाचायचे-पुसायचे ड्राइव्ह ते, हैदराबादच्या भंगारातले, विटांएवढे. एकाच्या पाठीला दुसरा, दुसऱ्याच्या पाठीला तिसरा, फटाक्यांच्या लडीसारखे. प्रत्येकाला आपापला नंबर. शेवटच्याच्या पाठीला टोपण लावायचं, म्हणजे ओळ तिथं संपते.

पडद्यावर चार ड्राइव्ह दिसले.

"चौथा कुठला रं?"

"नंबरात घोळ असंल." मी मागं वाकलो. नंबर बरोबर होते. टोपण मात्र खाली पडलेलं, आणि त्याच्या जागेतून सुतळीची वात लोंबत होती. टोकाला डावखुरी, दुपेडी गाठ.

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "ही... ही नागूबाईची गाठ. अशी तीच मारायची."

खोलीत फटाक्याच्या दारूचा वास सुटला.

दुसरं टोपण आणतो म्हणून मी गाडीकडं गेलो. गेलो कसला, पळालो. मागं लोखंडी दार लागलं, बाहेरून कडी सरकली. आवारात चिटपाखरू नव्हतं.

"वैजा, कडी काढ!... लेका, कडी..."

मी कडीला हात घातला. हा तळवा बघा, डाग अजून आहे. आत ड्राइव्ह घरघरत होते. तीन नव्हे, चार. मला आवाजावरून कळतं.

मग आतून दार ठोकणं थांबलं. कडी हळूहळू गार झाली.

दार उघडलं तर अप्पा दाराशी बसलेले, डोळे सताड उघडे. जीव गेलेला. अंगावर डाग नाही, फोड नाही. पण दहाही नखांत जळक्या लाकडाच्या कुसळ्या... दार लोखंडी होतं हो. लाकडाचं दार होतं ते जळलेल्या शेडला.

टेपा मी शिवांजलीच्या हातात दिल्या. एकही पुसली गेली नव्हती. त्यांत शेडला कडी घालणारा अप्पांचा हात अंगठीसकट दिसला. वाटलं, मिटलं.

पण पुसायला तयार तर मीही झालो होतो ना?

परवा दुकानात एकच ड्राइव्ह जोडला. पडद्यावर दोन दिसले. तेव्हाच शटरची बाहेरची कडी उपटून मी नाल्यात फेकली. आज सकाळी, ऊन पडायच्या आधी, बघतो तर कडी जागेवर.

हात लावला... गरम.